यंदाचं वाण त्यांच्यासाठी: स्तनाच्या कॅन्सरशी झुंजणाऱ्या बहिणींकरिता मदतीचं आवाहन

सप्रेम नमस्कार.

करमाळा तालुक्यातल्या आमच्या महिला मंडळातर्फे आपल्याकडे एक मागणं आहे. स्तनाच्या कॅन्सरमुळे ज्यांचा स्तन काढावा लागला, किंवा काढायचा की ठेवायचा हे ज्यांच्या बाबतीत आता ठरतं आहे, अशा बायकांसाठी मंडळानं मदतनिधी सुरू केला आहे. पैसे हवेतच, पण कापड, शिलाई मशीन, गाडी आणि तुमचा वेळही हवा आहे.

हा निधी दवाखान्याच्या बिलासाठी नाही. ऑपरेशन, केमो, रेडिएशन हे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतं आणि त्याचे कागद करून द्यायला मंडळाच्या सदस्या मदत करतात. अडतं ते वेगळ्याच ठिकाणी, आणि तेच नीट सांगायचं आहे.

गाठ लहान असताना कळली तर बहुतेक वेळा अख्खा स्तन काढावा लागत नाही. गाठ आणि तिच्या आजूबाजूचा थोडा भाग काढतात आणि मग उरलेल्या स्तनाला रेडिएशन म्हणजे आपल्याकडे म्हणतात तशी ‘लाइट’ देतात. तरीही घरोघरी एकच ऐकू येतं, ‘सगळं काढून टाकलं की काळजी मिटली.’ एके काळी मोठमोठे डॉक्टरसुद्धा असंच मानत होते. अमेरिकेतले सर्जन विल्यम हॉल्स्टेड एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्तनाबरोबर छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठीही काढत, आणि पुढं कित्येक दशकं जगभर तीच रीत चालली. किती बायकांचे हात त्यापायी जन्मभर सुजलेले राहिले! १९७० च्या दशकात अमेरिकेत बर्नार्ड फिशर आणि इटलीत उंबेर्तो वेरोनेसी यांनी दोन्ही उपचारांची तुलना करायला घेतली. वीस वर्षं त्या बायकांचा पाठपुरावा झाला, २००२ मध्ये दोघांचेही निष्कर्ष छापून आले, आणि दोन्हीकडे उत्तर एकच होतं: स्तन वाचवून रेडिएशन दिलेल्या बायका स्तन काढलेल्या बायकांइतक्याच जगल्या.

मग आपल्या भागातल्या बाईचा स्तन का जातो? गाठ फार वाढलेली असते, एकाहून जास्त ठिकाणी असते, तेव्हा काढणं हाच योग्य उपचार असतो. त्याला घाबरून ऑपरेशन टाळू नका, गावठी औषधांत महिने घालवू नका. काढल्यानंतर वर्षानुवर्षं शेत आणि संसार सांभाळणाऱ्या बायका आपल्याच तालुक्यात आहेत. पण काही वेळा कारण आजाराचं नसतंच. स्तन ठेवला की रेडिएशन आलंच, आणि ते आठवड्यातले पाच दिवस असं साधारण तीन आठवडे, काही जणींना पाच आठवडे घ्यावं लागतं. मशीनखाली रोजचं काम थोड्या मिनिटांचं, पण रोज तिथं हजर राहायला हवं. बार्शीला नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय आहे हे आपलं भाग्यच. तरी वस्तीवरून आधी करमाळा गाठायचं, तिथून बार्शीची एसटी, संध्याकाळी तोच प्रवास उलटा, हे ऑपरेशन झालेल्या अंगाला झेपत नाही. मुंबईला टाटाला जावं तर राहायचं कुठं? दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या जागा आहेत, त्यांचे उपकार फार मोठे. पण तिथं राज्यभरातूनच नव्हे तर देशभरातून माणसं येतात.

डॉक्टर दोन्ही पर्याय समजावून सांगतात. मग नवराबायको बाहेरच्या बाकावर बसतात. कांदा काढणीला आलेला, दोन म्हशी शेजाऱ्यांच्या भरवशावर, मुलगी बारावीला. दोघांचा तीन आठवड्यांचा मुक्काम आणि तेवढ्या दिवसांचा बुडालेला रोजगार यांची बेरीज होते, आणि बाई आत जाऊन म्हणते, ‘काढूनच टाका, डॉक्टर.’ आजारामुळे स्तन जात असेल तर आमचं काही म्हणणं नाही. खोलीभाड्यापायी जावा, हे मात्र आम्हाला बघवत नाही.

म्हणून निधीतला सर्वांत मोठा वाटा मुक्कामासाठी आहे. बाई आणि तिच्या सोबतीचं माणूस, दोघांची राहण्याजेवणाची सोय साध्या ठिकाणी केली तरी तीन आठवड्यांना दहा-बारा हजार लागतात. एका घराला एवढं जड वाटत असेल तर चार घरांनी मिळून एका बाईचा मुक्काम उचलावा. ज्यांच्याकडे चारचाकी आहे त्यांनी महिन्यातून एखादी फेरी द्यावी: वस्तीवरून जेऊर स्टेशनपर्यंत, किंवा थेट बार्शीपर्यंत. (उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सरच्या रुग्णाला रेल्वेच्या स्लीपरचं आणि थ्री एसीचं तिकीट पूर्ण माफ आहे, सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के सवलत आहे. रुग्णालयाचा दाखला लागतो. हे कित्येकांना ठाऊकच नसतं, म्हणून इथं लिहिलं.)

आता ज्यांचा स्तन काढला आहे त्यांच्याविषयी. टाके निघाले, केमो संपली, केस परत आले, की घरच्यांच्या लेखी आजार संपला. तिचं तसं नसतं. ब्लाउज एका बाजूनं लोळतो. ती पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेते, एसटीत खिडकीकडं तोंड करून बसते. ब्लाउजात जुन्या साडीच्या चिंध्या, कापूस, कुणी तर मोज्यात तांदूळ भरून ठेवतं. खुरपायला वाकलं की ते सरकतं आणि घामानं व्रणावर पुरळ उठतं. बाजारात मिळणारा सिलिकॉनचा स्तन काही हजारांच्या घरात जातो. पुन्हा तो बसवायला खिशाची खास ब्रा लागते, आणि आपल्याकडच्या कित्येक मावशी-आज्यांनी आयुष्यात ब्रा घातलेलीच नाही.

आमच्या शिवणवर्गातल्या मुलींनी यावर तोड काढली आहे. क्रोशानं मऊ सुती धाग्याचा गोल स्तन विणायचा, उशीत घालतात तो फायबर त्यात भरायचा, आणि रोजच्याच ब्लाउजला आतून अस्तराचा खिसा शिवून त्यात तो बसवायचा. लोकर चालत नाही, व्रणाला टोचते. मागच्या बाजूला नाडी ठेवली की भरण कमी-जास्त करता येतं आणि धुताही येतं. ब्लाउजची हुकं पुढं हवीत, कारण हात मागं जात नाही. त्या बाजूची बाही दोन बोटं सैल ठेवायची. काखेतल्या गाठी काढल्या असतील तर पुढं कधीही हात सुजू शकतो. ऑपरेशननंतर काही दिवस अंगाला नळी आणि पाणी साठायची डबी असते, ती गळ्यात अडकवायला छोटी पिशवीही या मुली शिवतात. सुती धागा, मांजरपाट, अस्तराचं कापड, फायबर आणि दोन चालू मशीन आम्हाला हवी आहेत. क्रोशा येणाऱ्या आज्या आणि काकूंनी तर नक्कीच यावं.

हाताच्या सुजेवरून आणखी एक. अशा हातात घट्ट बांगड्या घालू नका असं डॉक्टर सांगतात. सवाष्ण बाईच्या एका हातात हिरवा चुडा आणि दुसरा हात मोकळा दिसला की चारचौघींत कुजबुज सुरू होते. आमच्या एका सदस्येनं त्यापायी दोन वर्षं हळदीकुंकवाला जाणंच सोडलं होतं. आता ती त्या हातावर सूज आवरणारी इलॅस्टिकची बाही घालते, खांद्याचे व्यायाम करते, भिंतीवर बोटं चढवत रोज थोडा थोडा हात वर नेते आणि नव्यानं ऑपरेशन झालेल्या बायकांना तेच शिकवते. आपल्या घरी हळदीकुंकू असेल तर अशा मैत्रिणीला मुद्दाम स्वतः जाऊन बोलावून आणा. बाकीच्यांसारखीच तिचीही ओटी भरा, आणि तिच्या हाताकडं बघून काही विचारू नका.

संक्रांत जवळ आली आहे. वाण म्हणून प्लॅस्टिकचे डबे, वाट्या, चाळण्या आपण दरवर्षी लुटतो आणि त्यातले बरेच माळ्यावर जातात. यंदा त्या पैशांतला निम्मा वाटा या निधीला द्यावा, अशी आमची कळकळीची विनंती आहे. तुमच्या नावाचं तिळगुळाचं पाकीट आणि पावती मंडळ देईल. तेच वाण म्हणून वाटा.

निधीतला थोडा भाग तपासणी शिबिरांसाठी राखला आहे. मुंबईत टाटा रुग्णालयानं दीड लाखाहून जास्त बायकांचा वीस वर्षं अभ्यास केला. शिकवलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हातानं स्तन तपासले, तर पन्नाशीपुढच्या बायकांत या कॅन्सरनं होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले, असं २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं. महागडं मशीन लागलं नाही. गावच्या शाळेची एक खोली, पडदा आणि शिकलेली बाई एवढ्यावर आपल्याकडेही हे होण्याजोगं आहे. ग्रामपंचायतींनी आणि बचत गटांनी खोलीची सोय करावी.

देणगी कितीही लहान चालेल. रोख दिली तर छापील पावती घेतल्याशिवाय जाऊ नका. दर तीन महिन्यांचा जमाखर्च मंडळाच्या फलकावर लागेल. त्यात मदत घेतलेल्या एकाही बाईचं नाव नसेल, फक्त कशावर किती खर्च झाला ते असेल. ज्यांना मदत हवी आहे त्यांनी कुणामार्फत निरोप न देता थेट यावं. मंडळाच्या खोलीत सोमवार ते शनिवार, दुपारी चार ते सहा, दोन सदस्या बसलेल्या असतात. पुरुषांनाही हा आजार होतो, क्वचित पण होतो. त्यांनीही संकोच न करता यावं.

आपल्या नम्र,
अध्यक्ष, सचिव आणि सर्व सदस्या
महिला मंडळ, तालुका करमाळा, जिल्हा सोलापूर