हात दिलात, आता त्याच्या खेपाही मोजा

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,
सविनय नमस्कार.

मी नवी मुंबईत मेडिकल कोडिंगचं काम करते. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी लिहिलेले पेशंटचे कागद वाचायचे आणि प्रत्येक भेटीला तिथल्या यादीतला नेमका कोड लावायचा. कोड बरोबर असेल तरच विमा कंपनी पैसे सोडते. उजवा हात कोपराखाली गेलेला एखादा माणूस कृत्रिम हात सैल झाला म्हणून दाखवायला आला, तर मी झेड-४४.०२१ लावते : उजव्या बाजूच्या अर्ध्या कृत्रिम हाताची बसवणी आणि जुळवणी. सोबत झेड-८९.२११, म्हणजे त्याचा हात कोपराखाली नाही. थेरपिस्टने नंतरच्या भेटीत अर्धा तास सराव करून घेतला असेल तर ९७७६३ दोनदा, कारण तो कोड पंधरा मिनिटांचा आहे. झालं, कागद हातावेगळा. हा शब्द पूर्वी मी सहज वापरायचे, आता जरा टोचतो.

आमच्या अण्णांचाही उजवाच हात गेला. कडबा कुट्टीत. शस्त्रक्रिया महात्मा फुले योजनेतून झाली, आम्हाला पदरचा पैसा लागला नाही, त्याबद्दल सरकारचे आभार मनापासून मानते. आठ महिन्यांनी तालुक्याच्या शिबिरात त्यांना हात मिळाला. मागे बॅनर, गळ्यात हार, फोटो. हातही चांगला होता : दंडाला पट्टा, पाठीवरून दुसऱ्या खांद्याला केबल, खांदा पुढे ढकलला की हूक उघडतो. तीन आठवड्यांत अण्णा म्हशीचं दावं धरायला शिकले.

मग तो सैल होऊ लागला. यात कुणाची चूक नाही. कापलेल्या भागाची सूज उतरते, न वापरलेला स्नायू झडतो, पहिलं वर्ष-दीड वर्ष हे चालूच राहतं. अण्णा आत एकावर एक मोजे चढवत गेले. तिसऱ्या मोज्यानंतर हात जागच्या जागी फिरायला लागला आणि पट्ट्याने काखेत जखम केली. सोलापूरकडचा एप्रिल काय असतो ते आपल्याला सांगायला नको.

सत्तर किलोमीटर एसटीने रुग्णालय. पहिल्या खेपेला केसपेपरवर लिहिलं गेलं ‘उजवा हात दुखणे’ (जो हात नाही तो!) आणि वेदनाशामक गोळ्या मिळाल्या. दुसऱ्या खेपेला खिडकीवरून उत्तर आलं, “साहित्य वाटप झालेलं आहे ना तुमचं?” तिसऱ्या खेपेला : “हे आमच्याकडे बसत नाही.” शेवटी पुण्यात एका कृत्रिम अवयव तज्ज्ञाने पैसे घेऊन काम केलं. आतून अस्तर लावलं, पट्ट्याची जागा बदलली, केबल ताणून घेतली. पंचवीस मिनिटं लागली.

माझं म्हणणं एवढंच, की त्या पंचवीस मिनिटांना आपल्या दप्तरात नाव नाही. हात दिला तर ते ‘वाटप’, त्याचा आकडा असतो. नंतरची खेप ‘दुखणे’ म्हणून नोंदली जाते आणि हाडांच्या ओपीडीच्या गर्दीत विरून जाते. अशा किती खेपा होतात हेच दिसत नसेल तर जिल्हा रुग्णालयात तज्ज्ञाचं पद कशाच्या जोरावर मागायचं? त्यात हे काम दोन खात्यांच्या बांधावर पडलेलं. अवयव येतो केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाच्या, १९८१पासून चालत आलेल्या एडिप योजनेतून किंवा दिव्यांग कल्याणाच्या पैशांतून; पेशंट मात्र येतो आपल्या ओपीडीत. ३ डिसेंबर २०२२ला महाराष्ट्राने स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग केला, ते चांगलंच झालं, पण बांध तिथेच आहे.

अमेरिका काही स्वर्ग नाही. कोड अचूक लावूनही विमा कंपन्या दावे परत पाठवतात, मी रोज बघते. पण तिथल्या मेडिकेअरचा, म्हणजे मुख्यतः वृद्धांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याचा, कृत्रिम पायांबाबतचा एक नियम उचलण्यासारखा आहे : पाय दिल्यापासून ९० दिवस नेहमीची जुळवणी त्याच्या किमतीतच धरलेली असते, पुरवणाऱ्याला वेगळं बिल लावता येत नाही. आपल्या शिबिरांच्या निविदेत हीच अट हातांसाठीही घाला, आणि ती जुळवणी तालुक्याच्या गावी व्हावी असंही लिहा. उरलेला हातच झडल्यामुळे लागणाऱ्या पुढच्या भेटींसाठी महात्मा फुले योजनेत छोटं पॅकेज ठेवा, एसटीच्या भाड्यासकट.

त्याआधी बिनखर्चाचं काम करता येईल. झेड-४४.० हा मूळ कोड जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणातला आहे : कृत्रिम हात बसवणे आणि जुळवणे. जिल्हा रुग्णालयांच्या ओपीडीत ‘दुखणे’ऐवजी तो लिहायचा, एवढं एक परिपत्रक काढा. कारकुनांना शिकवायला माणूस हवा असेल तर मी रविवारी मोकळी असते.

अण्णांचा हात पुन्हा सैल झालाय. पुढच्या सोमवारी आम्ही चौथ्यांदा त्याच खिडकीशी जाणार आहोत.

आपली नम्र,
एक मेडिकल कोडर, ऐरोली