हार्डनर घरी नेऊ दिला नाहीत म्हणून

पेंटरमामा,
सप्रेम नमस्कार.

बाबांच्या जुन्या मारुती ८०० चं बॉनेट आता आरशासारखं चमकतं. लोक रंगाचं कौतुक करतात, पण हे पत्र रंगासाठी नाही. मी रंग आणि त्यात मिसळून तो कडक करणारा हार्डनर मागायला आलो, तेव्हा तुम्ही आधी विचारलंत, "मारणार कुठं? घरात कोण कोण असतं?" आईला दमा आहे हे ऐकलंत आणि हार्डनरचा डबा परत फळीवर ठेवलात.

टू-के पीयू, म्हणजे दोन भाग मिसळून वापरायच्या पॉलियुरेथेन रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचं रसायन असतं, हे तोवर मला कुणी सांगितलं नव्हतं. स्प्रे गनमधून उडालेला त्याचा फवारा छातीत गेला तर धडधाकट माणसालाही दमा जडू शकतो. एकदा जडला की पुढं त्याचा जरासा अंशही सोसत नाही, रंगकामच सोडावं लागतं. तुमच्याबरोबर उमेदवारी केलेल्या कारागिराबद्दल सांगताना तुमचा आवाज जड झाला होता. धोक्याइतकं प्रमाण असलं तरी नाकाला कळत नाही, हे तुम्ही दोनदा बजावलंत.

घरातला एन-९५ मास्क दाखवला, तर म्हणालात, "हा पुट्टी घासताना लाव. थिनरची वाफ यानं अडत नाही." मग वाफ शोषणाऱ्या कोळशाच्या डब्यांचा मास्क दिलात. दाढी करून यायला लावलंत, कारण केसांमुळं रबर चेहऱ्याला नीट बसत नाही. डबे तळव्यांनी झाकून श्वास ओढायचा, मास्क चेहऱ्याला चिकटला तरच काम सुरू करायचं, हेही शिकवलंत.

प्रायमर आणि एनसी, म्हणजे हार्डनर न लागणारा नायट्रोसेल्युलोज रंग अंगणात मारायला परवानगी दिलीत, तीही आईला दिवसभर मावशीकडं पाठवायच्या अटीवर. थिनरची वाफ सिलिंडरच्या गॅससारखी जमिनीलगत पसरते, म्हणून शेगडी बंद, गॅस गीझर बंद, देवघरातला दिवा आधीच शांत केलेला. जवळपासचं एकही बटण दाबायचं नाही.

क्लिअर, म्हणजे रंगावरचा हार्डनर घातलेला पारदर्शक थर, मात्र घरी मारूच दिलं नाहीत. बॉनेट काढून आणायला लावलंत. मला बाहेर उभं करून, बाहेरच्या स्वच्छ हवेची नळी जोडलेला मास्क लावून, रंग फवारायच्या बूथमध्ये स्वतः कोट दिलेत. गन थांबल्यावरही तुम्ही मास्क काढला नाहीत, पंखा बराच वेळ चालू ठेवलात. फवारा दिसेनासा झाला तरी हवेत असतो, हे मला तेव्हा कळलं. पैसे घेतलेत ते फक्त मालाचे.

चारचौघांत लिहितोय, कारण व्हिडिओ बघून टू-के क्लिअर मागवणारे आणि पार्किंगमध्ये रुमाल बांधून मारणारे माझ्या ओळखीत आहेत. त्यांना तुमच्यासारखं कुणी अडवलेलं नाही.

डाव्या दाराची पुट्टी घासून झाली की दार घेऊन येतो. आणि आईनं जेवायला बोलावलंय, मामींनाही घेऊन या.

तुमचा ऋणी,
मागच्या गल्लीतला मारुतीवाला