प्रवाळांचे फोटो छापताना पाण्याची खोली पण छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत वाचकांनी पाठवलेले समुद्राखालचे फोटो बघितले. हौसेचं कौतुकच आहे, पण स्पष्ट सांगायचं तर निम्मे फोटो नुसते निळे-हिरवे आणि उरलेले अ‍ॅपमधे घालून लालभडक केलेले, दोन्हीत प्रवाळ मुळात कसं होतं ते काही कळत नाही. आता मुंबईहून मालवण-तारकर्लीला शनिवार-रविवार जोडून जाणारे एवढे झालेत, शिवाय अंदमान, लक्षद्वीप आहेच, म्हणून म्हटलं लिहावं.

पाणी सगळ्यात आधी लाल रंग खातं. साधारण ५ मीटरखाली तो जवळजवळ संपतोच, मग नारिंगी जातो, मग पिवळा. लोक फक्त खोली बघतात पण प्रवाळ ते कॅमेरा हे आडवं पाणीसुद्धा धरायचं असतं, म्हणजे तुम्ही ५ मीटर खाली आहात आणि २ मीटर लांबून फोटो काढताय तर उजेड ७ मीटर पाण्यातून गाळून आलाय. नंतर अ‍ॅपमधे लाल कितीही वाढवा, जे कॅमेऱ्यात आलंच नाही ते आणणार कुठून? नुसते दाणे दिसायला लागतात. त्यामुळे झूम विसरायचं आणि जवळ जायचं, हाताच्या अंतरावर. वाईड लेन्स खरं तर त्याचसाठी असते, लांबून सगळं मावावं म्हणून नाही, जवळ जाऊनही मावावं म्हणून.

फ्लॅशचं तर विचारूच नका. पाऊचमधला मोबाईल घेऊन फ्लॅश चालू ठेवला की सगळा फोटो पांढऱ्या ठिपक्यांनी भरतो आणि लोक म्हणतात पाणी गढूळ होतं. पाण्यात कण असतातच, फ्लॅश लेन्सला चिकटून असल्यामुळे त्यांच्यावर पडलेला उजेड सरळ परत येतो, धुक्यात घाटात गाडीचा अप्पर लावल्यावर होतं तेच. मोबाईलचा फ्लॅश बंद ठेवा. स्ट्रोब, म्हणजे कॅमेऱ्यापासून वेगळे पाण्याखालचे फ्लॅश, असतील तर दांड्यांवर दोन बाजूंना लांब न्या आणि तोंडं किंचित बाहेर वळवा, म्हणजे उजेडाची फक्त कड प्रवाळावर पडते आणि मधलं पाणी काळोखात राहतं. मागच्या पाण्याचा निळा किती गडद हवा ते शटर स्पीडवर (शटर किती वेळ उघडं राहतं त्यावर) ठरतं, पुढच्या प्रवाळावरचा उजेड अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक किती उघडं ते) आणि स्ट्रोबच्या पॉवरवर, हे दोन वेगळे हिशोब आहेत एवढं डोक्यात बसलं की अर्धं काम झालं. स्ट्रोब महाग असतात हे मान्य. नसतील तर कमी खोलीत राहा, सूर्य पाठीशी घ्या, रॉमधे (कॅमेऱ्याने रंग न बदललेल्या फाईलमधे) काढा आणि पांढरी पाटी धरून व्हाईट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं अशी रंगांची सेटिंग) त्याच खोलीवर सेट करा, खोली बदलली की परत. लाल फिल्टर निळ्या पाण्याचा, आपल्या कोकणात प्लँक्टनमुळे, म्हणजे तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे, पाणी बऱ्याचदा हिरवट असतं तिथे मॅजेंटा (गुलाबी-जांभळा) फिल्टर लागतो, दुकानदार मात्र सगळ्यांना लालच गळ्यात मारतात.

काँपोझिशनबद्दल एकच तक्रार, पण मोठी. सगळे वरून खाली काढतात. वरून काढलं की प्रवाळ, वाळू, मासा सगळं एकात एक मिसळतं, कुठे बघायचं तेच समजत नाही. प्रवाळाच्या पातळीला या, शक्य असेल तर थोडं खालून वर बघा, मागे मोकळं पाणी येईल आणि एक फांदी, एक मासा सुटा दिसेल. मासा निघून जाताना शेपटीचा फोटो काढण्यात अर्थ नाही, थांबा, तो परत येतो. किरणं हवी असतील तर सकाळी लवकर किंवा दुपार टळल्यावर, शटर १/२०० सेकंदाच्या आसपास.

मात्र पातळीला यायचं म्हणजे प्रवाळावर गुडघे टेकायचे नाहीत! तरंगणं जमत नसेल तर आधी ते शिका, कॅमेरा पुढच्या वर्षी. फिनने (पायात घालायच्या वल्ह्यांनी) उडालेली वाळू फोटोही घालवते आणि प्रवाळावर बसते ते वेगळंच. पुरवणीत एक फोटो चक्क प्रवाळ धरून उभ्या असलेल्या पर्यटकाचा होता आणि एक बिस्किटं टाकून जमवलेल्या माशांचा. प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या शेड्यूल १ मधे, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे, वाघाच्या रांगेत, वाघाच्या पाठीवर हात ठेवलेला फोटो तुम्ही छापला असता का?

आता मुद्द्याची विनंती. पाणी तापलं की प्रवाळाच्या आतलं शेवाळ निघून जातं आणि प्रवाळ पांढरं पडतं, २०२४ मधे लक्षद्वीपला हेच झालं. पण जास्त फ्लॅश मारला तरी चांगलं प्रवाळ पांढरं दिसतं आणि निळ्याशार फोटोत पांढरं पडलेलंही धडधाकट वाटतं. वाचकाने ओळखायचं कसं? म्हणून फोटोखाली जागा आणि नावासोबत खोली, महिना, फ्लॅश होता की नव्हता आणि रंग नंतर बदलले का एवढं छापा. एक ओळ पुरते. कोस्टल रोडच्या वेळी हाजीअली-वरळीची प्रवाळं २०२० मधे उचलून दुसरीकडे न्यावी लागली, तेव्हा कितीतरी मुंबईकरांना इथे प्रवाळ असतं हेच पहिल्यांदा समजलं. ओहोटीला तिथल्या डबक्यांचे फोटोही मागवा ना, त्याला डायव्हिंग लागत नाही, पाण्यावरची चकाकी मारायला एक पोलरायझर आणि चपला न घसरतील एवढी काळजी पुरे.

कळावे,
एक वाचक, दादर