मंत्रीमहोदय, रोग अंड्यातून येतो आणि नोटीस माझ्या दारावर लागते

प्रति,
मा. पशुसंवर्धन मंत्री

विषय : हॅचरीतून (अंडी उबवून पिल्लं काढणाऱ्या केंद्रातून) येणाऱ्या पिल्लांमधला साल्मोनेला हा जंतू आणि आपण दिलेला शब्द

महोदय,
सविनय नमस्कार.

मी अकरा वर्षं कुक्कुटपालन करते आहे. गेल्या वर्षी आमच्या मेळाव्यात आपण व्यासपीठावरून सांगितलंत, की यापुढे पेरेंट कोंबड्यांची, म्हणजे ज्यांच्या अंड्यांतून पिल्लं काढतात त्यांची, रक्ततपासणी झाल्याशिवाय एकही पिल्लू हॅचरीबाहेर पडणार नाही. मी दुसऱ्या रांगेत होते. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होते. आमचं दुखणं कळणारा माणूस भेटला, असं खरोखर वाटलं होतं.

त्या शब्दाला चौदा महिने झाले. गेल्या महिन्यात माझ्या शेडमध्ये अंड्यावरच्या जातीची 3000 पिल्लं उतरली. बाराव्या दिवसापर्यंत त्यातली 1140 मेली.

तिसऱ्या दिवशी पहाटे शेडमध्ये गेले तर पिल्लं ऊब देणाऱ्या ब्रूडरखाली एकावर एक चढून बसली होती. शेड उबदार होतं, तरी पंख सोडून, डोळे मिटून कुडकुडत होती. खाद्याला तोंड लावलेलं नव्हतं. एक उचलून पाहिलं, तर मागे चुन्यासारखी पांढरी विष्ठा वाळून घट्ट बसलेली. शी करताना ते किंचाळायचं. मी आणि सासूबाई कोमट पाण्यात कापूस बुडवून एकेकाचं मागचं अंग पुसत बसलो. शे-दोनशे पुसून होईपर्यंत आधी पुसलेल्यांनी माना टाकलेल्या असायच्या. संध्याकाळी खाद्याच्या रिकाम्या पोत्यात मेलेली पिल्लं मोजून भरायची, कारण वहीत मरतूक लिहावी लागते. पिल्लू मुठीत मावतं, पण पाचव्या दिवशीचं पोतं आम्हा दोघींना उचललं नाही.

चार मेलेली पिल्लं बर्फात घालून प्रयोगशाळेत पाठवली. अहवाल 22 दिवसांनी आला : साल्मोनेला पुलोरम, म्हणजे पिल्लांना पांढरी हगवण लावणारा जंतू. तोवर खड्डा बुजवून त्यावर चुना टाकून झाला होता. आणि त्याच आठवड्यात आपल्या खात्याची नोटीस आली. शेडची स्वच्छता का राखली नाही, उंदरांचा बंदोबस्त का केला नाही, जैवसुरक्षेचे नियम का पाळले नाहीत, सात दिवसांत खुलासा करा.

हाच माझा खुलासा समजा.

पुलोरम मुळात आईकडून येतो. कोंबडीच्या अंडाशयात जंतू असतो, तो बलकात उतरतो आणि पिल्लू अंड्यातून बाहेर येतं तेच रोग घेऊन. हॅचरच्या, म्हणजे पिल्लं बाहेर पडतात त्या यंत्राच्या, पंख्यावर त्या पिल्लाची लव उडते आणि शेजारच्या निरोगी पिल्लांच्या नाकातोंडात जाते. म्हणजे पेटीचं झाकण मी उघडायच्या आधीच सगळं होऊन गेलेलं असतं. मरतूक तिसऱ्या दिवशी सुरू झाली हे ऐकल्याबरोबर आमचे डॉक्टर म्हणाले, "ताई, हे वरून, हॅचरीतूनच आलंय." मग नोटीस वर का गेली नाही? माझ्या हातात पिल्लांचं बिल आहे, बॅच नंबर आहे. दोन्हीच्या प्रती मी अहवालासोबत दिल्या होत्या. त्यावर एका ओळीचंही उत्तर नाही.

साहेब, आम्ही काही चंद्र मागत नाही. कोंबडीच्या पंखाखालच्या शिरेतून रक्ताचा एक थेंब काढायचा, पांढऱ्या फरशीवर रंगीत अँटिजेनमध्ये (मेलेल्या जंतूंच्या रंगवलेल्या द्रावणात) मिसळायचा आणि फरशी हलवत दोन मिनिटं थांबायचं. गुठळ्या झाल्या की रोगाचा संशय, ती कोंबडी बाजूला. ही शंभर वर्षांमागची विद्या आहे. अमेरिकेत पुलोरमने पिल्लं 80 टक्क्यांपर्यंत मरत असत, म्हणून त्यांनी 1935 साली पेरेंट कळपांच्या तपासणीची राष्ट्रीय योजना सुरू केली आणि व्यापारी कळपांतून हा रोग जवळजवळ हद्दपार केला. 1935 साली! तेव्हा माझी आजीसुद्धा लहान होती.

आता उरलेल्या 1860 पिल्लांबद्दल. औषध पाजलं की मरतूक कमी होते. मीही पाजलं, दुसरं काय करणार होते? पण वाचलेलं पिल्लू बरं झालं असं नसतं. ते मोठं होतं, अंड्यावर येतं आणि जंतू पोटात बाळगून राहू शकतं. माझा शेजारचा पोल्ट्रीवाला म्हणाला, "नमुना पाठवलासच कशाला? गुपचूप औषध पाजायचं आणि विकून मोकळं व्हायचं." मला त्याचा राग आला नाही. त्याला नोटीस नाही, माझ्या नावावर मात्र आहे. खरं सांगणाऱ्याला भरपाई मिळणार नसेल आणि वर त्यालाच आरोपी करणार असाल, तर उद्या नमुना पाठवणार कोण?

पुलोरम माणसाला सहसा बाधत नाही, तो आम्हाला कर्जात बुडवतो. माणसाला आजारी पाडणारा त्याचा भाऊबंद म्हणजे एन्टरायटिडिस. तोही अंडाशयातून अंड्यात उतरतो, पण कोंबडी मात्र धडधाकट दिसते, खाते, रोज अंडं देते. तीन वर्षांपूर्वी माझी मुलगी, तेव्हा सहा वर्षांची, पाच दिवस दवाखान्यात होती. 103 ताप, रक्त पडत होतं. मीठ-साखरेचं पाणी चमच्या-चमच्याने पाजत मी तिच्या उशाशी बसून राहिले. तपासणीत साल्मोनेला निघाला तेव्हा नर्सने विचारलं, "घरी कोंबड्या आहेत का?" तो प्रश्न अजून माझ्या छातीत आहे. माझ्याच शेडमधून आलं का, हे मला आजही माहीत नाही. त्या कोंबड्या तपासून देईल असं कोणी मला सापडलंच नाही. आईने हे ओझं जन्मभर वाहायचं आणि तुमच्या खात्याने मला उंदरांबद्दल विचारायचं?

दरवेळी आम्हाला हेच ऐकवतात, की नीट शिजवून खा. खरंच आहे, मांस आतपर्यंत 74 अंश सेल्सिअसवर गेलं की जंतू मरतो. पण मग सगळी जबाबदारी चुलीपाशी उभ्या असलेल्या बाईची झाली आणि शेडमध्ये राबणाऱ्या बाईची झाली. मधल्या सगळ्यांचं काय? आरोग्य खातं रुग्ण मोजतं, तुमचं खातं कोंबड्या मोजतं, अन्न खातं दुकानातून नमुने उचलतं. माझ्या मुलीचा अहवाल आणि माझ्या शेडचा अहवाल एकाच टेबलावर कधी आले नाहीत. तिघांच्या कार्यालयांत मी फिरले आहे. प्रत्येकाने दुसऱ्याचा जिना दाखवला.

इतरांना जमलं ते सांगते. स्वीडनमध्ये 1953 साली एका कत्तलखान्यातून साल्मोनेला पसरला, सुमारे 9000 लोक आजारी पडले, 90 च्या आसपास मेले. त्या देशाने ते अंगाला लावून घेतलं आणि 1961 पासून नियंत्रणाला कायद्याचा आधार दिला. ब्रिटनमध्ये 1988 च्या डिसेंबरमध्ये एडविना करी या आरोग्य खात्याच्या कनिष्ठ मंत्री म्हणाल्या, की देशातल्या बहुतेक अंडी उत्पादनात साल्मोनेला शिरलाय. गदारोळ झाला, अंड्यांचा खप कोसळला, दोन आठवड्यांत त्यांना राजीनामा द्यावा लागला. पण विषय दडपला गेला नाही. पुढे सिंहाचा शिक्का (तिथल्या अंडी उत्पादकांची दर्जाची खूण) असलेल्या अंड्यांसाठी कोंबड्यांचं लसीकरण सक्तीचं झालं आणि 2017 साली तिथल्या अन्न संस्थेने सांगितलं, की गरोदर बायका आणि लहान मुलांनी ही अंडी अर्धी कच्ची खाल्ली तरी चालेल. बोलल्याबद्दल मंत्र्याचं पद गेलं, तरी काम झालं. तुम्ही बोललात, टाळ्या घेतल्यात, पद शाबूत आहे आणि काम कुठे आहे?

प्रत्येक पेटीसोबत पेरेंट कळपाच्या तपासणीचा तारखेसह कागद द्या. नमुन्याचा अहवाल आठ दिवसांत द्या. जो स्वतःहून रोग कळवतो त्याला नोटिशीऐवजी भरपाई द्या. बाकी भाषणं नकोत.

शेड धुऊन, चुना मारून रिकामं ठेवलंय. उरलेली पिल्लं वेगळ्या खोलीत आहेत, त्यातलं एकही मी विकणार नाही, हे तुमच्या नोटिशीखाली लिहून दिलंय. पुढच्या गुरुवारी नव्या पिल्लांची गाडी येणार आहे. ड्रायव्हरकडे मी आधी तपासणीचा कागद मागणार आहे. कागद नसेल तर एकही पेटी खाली उतरू देणार नाही. हप्ता थकेल, थकू दे.

आपली,
एक कुक्कुटपालक