मांड बसवून दिल्याबद्दल, मॅडम

मॅडम,

सप्रेम नमस्कार.

ड्रेसाज म्हणजे घोड्याकडून ठरलेल्या चाली सफाईने करून दाखवायची स्पर्धा. तिची गुणपत्रिका हाती आली की जो तो आधी टक्केवारी बघतो. मी शेरे वाचले. कोपरे आणि थांबा यांवर परीक्षकांनी बोट ठेवलंय, ते रास्तच आहे. पण स्वाराच्या बैठकीपुढे जो आकडा पडलाय त्याचं श्रेय तुमचं, आणि ते चारचौघांत सांगावं म्हणून हे पत्र.

कान, खांदा, कंबर आणि टाच एका उभ्या रेषेत, कोपरापासून घोड्याच्या तोंडातल्या कडियाळापर्यंत दुसरी सरळ रेषा. एवढं कुठल्याही पुस्तकात सापडतं. पण ताठ बसून ही रेषा धरली, तर सिटिंग ट्रॉटच्या (खोगिरातून न उठता दुडकत जाण्याच्या) चार पावलांत ती मोडते. पाठ कडक झाली की हिसका हातापर्यंत जातो, घोड्याच्या तोंडाला धक्का बसतो, तो मान वर करून पाठ दाबतो आणि मग त्याच्यावर बसणं आणखी अवघड. तुम्ही 'ताठ बस' असं कधी म्हणालाच नाहीत. लंजवर (घोडा गोल फिरवायच्या लांब दोरीवर) घेऊन आधी रिकिबी काढल्यात, मग लगाम, आणि घोडा वर्तुळात दुडकत असताना एकच विचारत राहिलात, "बसायची हाडं दोन्हीकडे सारखी टेकलीत का?" गुडघे आवळले की चिमटीतून चिंचोका निसटावा तसं आपण खोगिरातून वर निसटतो, हे तेव्हा कळलं. (हल्ली पाठ मागे रेलून बसायची टूम आहे. फोटोत झकास दिसते, भार मात्र घोड्याच्या पाठीला सोसावा लागतो.)

हाफ-हॉल्ट, म्हणजे घोड्याला क्षणभर आवरून लगेच सैल सोडणं, शिकवताना तर तुम्ही स्वतःच घोडा झालात! लगामाचं कडियाळाकडचं टोक हातात धरून उभ्या राहिलात. कंबर क्षणभर धरायची, पोटऱ्या लागलेल्या, बाहेरच्या हाताची मूठ मिटायची आणि लगेच सैल करायची. मला वाटलं, जमलं. तुम्ही म्हणालात, "सोडलंस कुठे? अजून ओढतेयस." बाहेरची मूठ कधी सुटते, ते त्या दिवसापासून बोटांना कळायला लागलं. आतला पाय तंगाजवळ (खोगिराच्या पोटपट्ट्याजवळ), बाहेरचा किंचित मागे, हे त्यानंतर फार सांगावं लागलं नाही.

कुणी टाचा मारत सुटलं की तुम्ही डॅनिश घोडेस्वार लिस हार्टेलची गोष्ट काढायचात. पोलिओमुळे गुडघ्याखाली पाय निकामी, घोड्यावर चढा-उतरायला माणूस लागे. तरी १९५२च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये ज्युबिली या घोडीवर बसून तिने वैयक्तिक ड्रेसाजचं रौप्यपदक मिळवलं. स्त्रियांना ऑलिम्पिक ड्रेसाजमध्ये उतरता आलं तेही त्याच वर्षी पहिल्यांदा. मांड आणि तोल यांवर घोड्याशी किती बोलता येतं, याला आणखी पुरावा कशाला हवा! ड्रेसाजच्या साठ बाय वीस मीटरच्या मैदानात तसंही तोंड बंदच ठेवायचं असतं. जिभेने चकचक केली तरी एफईआयच्या (आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाच्या) नियमाने गुण कापले जातात.

आता एक काम बाकी आहे. डावीकडच्या शोल्डर-इनमध्ये (घोड्याचे खांदे आत वळवून पुढे जाण्यात) माझी आतली कंबर मोडते, असं मैदानाच्या 'सी' या अक्षरापाशी बसलेल्या परीक्षकांनी स्पष्ट लिहिलंय. तेव्हा सवड काढून एकदा लंजची दोरी घेऊन याच. रिकिबी मी आधीच काढून ठेवते.

तुमची विद्यार्थिनी