बाबांच्या पायाचे हाड

पुणे,
शनिवार, रात्र

ती. आई आणि बाबा यांस,
शि. सा. नमस्कार.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "गाठ काढा, टाके घाला आणि घरी सोडा, पायाला कशाला हात लावता?" तेव्हा वॉर्डात राउंड चालू होता, त्यामुळे नीट उत्तर देता आले नाही, म्हणून हे पत्र.

बाबा, गालातली गाठ हिरडीतून जबड्याच्या हाडात उतरली आहे, त्यामुळे त्या हाडाचा तुकडाही काढावा लागणार. ती जागा नुसती शिवून टाकली, तर उरलेला जबडा एका बाजूला सरकतो, वरचे-खालचे दात जुळत नाहीत आणि भाकरी चावणे कठीण होऊन बसते. म्हणून पोटरीच्या बाहेरच्या बाजूचे बारीक हाड, म्हणजे फिब्युला, त्याच्या रक्तवाहिन्या आणि वरच्या कातडीच्या पट्ट्यासह काढून, जबड्याच्या आकाराला बेतून टायटॅनियमच्या पट्टीने बसवतात. अंगाचा भार पेलणारे नडगीचे जाड हाड जागच्या जागी राहते. फिब्युलाचीही गुडघ्याकडची आणि घोट्याकडची सहा-सात सेंटिमीटर टोके राखतात, म्हणजे घोटा डळमळत नाही. काही दिवस वॉकर लागेल, आणि पायाच्या अंगठ्यात थोडा अशक्तपणा राहू शकतो, हे लपवत नाही.

तुम्ही इतिहासाचे मास्तर, म्हणून सांगते. कावसजी नावाच्या गाडीवानाचे कापलेले नाक आपल्या या पुण्याजवळच, विटा करणाऱ्या जातीतील एका माणसाने कपाळाच्या कातडीतून पुन्हा घडवले होते आणि ती हकिकत 1794 साली लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये छापून आली. मात्र ती कातडी देठासारखी कपाळाला जोडलेली राहिली होती. तुमचे हाड पायापासून पूर्ण सुटणार आणि त्याच्या दोन-तीन मिलिमीटरच्या रक्तवाहिन्या मानेतल्या रक्तवाहिन्यांना, सूक्ष्मदर्शकाखाली, केसाहून बारीक धाग्याने जोडल्या जाणार. आठ-दहा तास लागतात ते यासाठीच.

पुढची राखण आम्हा सिस्टरांची. पहिल्या रात्री दर तासाला टॉर्च लावून फ्लॅप, म्हणजे पायातून आणून बसवलेल्या हाडावरची कातडी, बघायचा: रंग कसा आहे, कोमट आहे का, बोट दाबून सोडल्यावर रंग परततो का. शंका आली तर डॉक्टर सुई टोचतात, आणि लालभडक थेंब आला की आमचा जीव भांड्यात पडतो. काळसर रक्त भराभर आले तर शीर तुंबली, काहीच आले नाही तर धमनी. गेल्या महिन्यात पहाटे तीनला एक फ्लॅप जांभळा पडला. तासाभरात रुग्णाला पुन्हा थिएटरात नेले, गुठळी काढली आणि फ्लॅप वाचला. शंभरातले चार-पाच फ्लॅप मात्र वाचत नाहीत. तुमची तंबाखूची डबी आजपासून आईकडे द्या, कारण निकोटिनने याच बारीक वाहिन्या आकसतात.

काही दिवस श्वासासाठी गळ्याला छिद्र आणि नाकातून अन्नाची नळी असेल, त्यामुळे बोलता येणार नाही. आई, माळ्यावरची शाळेची पाटी पुसून ठेव. बाबांचे मोबाइलवर टाइप करणे म्हणजे दिवस मावळेल.

गुरुवारी पायाच्या रक्तवाहिन्यांचे सीटी अँजिओ आहे. वाईहून पहाटेच्या पहिल्या एसटीने या, मी स्वारगेटला उभी असेन.

तुमची,
सुमा