बाभळीच्या झाडाला अजून 'अकेशिया'ची पाटी?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार. मी खानापूर तालुक्यात पोरांना सायन्स शिकवतो. परवा वर्ग घेऊन एका बागेत गेलो तर बाभळीला पाटी 'अकेशिया' आणि शेजारच्या ऑस्ट्रेलियन झाडाला पण 'अकेशिया'च. सातवीतली पोरगी म्हणाली, सर, हिला काटे, पाला बारीक, त्याला काटा नाही आणि पानं कोयत्यासारखी, मग दोघं एका घरातले कसे?

बरोबर विचारलं तिने. अकेशिया हे नाव मुळात बाभळीचंच, पण डीएनए तपासल्यावर कळलं की हा एक गट नाहीच, निरनिराळे आहेत. मग नाव कुणाकडे ठेवायचं? 2005 ला व्हिएन्नाच्या वनस्पतीशास्त्र काँग्रेसमध्ये ते ऑस्ट्रेलियावाल्यांकडे गेलं कारण त्यांच्या जाती हजाराच्या आसपास, 2011 ला मेलबर्नमध्ये तेच कायम झालं. मला ते आजही पटत नाही, मान बाभळीचा होता. पण झालं ते झालं, आता आपली बाभूळ 'व्हॅचेलिया निलोटिका' आणि खैर 'सेनेगालिया कटेचू'.

ओळखायला सोपं आहे. बाभळीचे काटे सरळ, जोडीने, फुलं पिवळी गोल गोंड्यासारखी. खैराचे काटे आकड्यासारखे वाकडे, फुलांचा फिकट तुरा. आणि ऑस्ट्रेलियन झाडाचं पान हे पानच नाही, चपटा झालेला देठ आहे, नर्सरीत अगदी कोवळं रोप बघा, पहिली एकदोन पानं बाभळीसारखी बारीक पाल्याची येतात, मग देठ रुंद होत जातो. पोरांना हे दाखवलं की तोंडाचा आ होतो.

2017 मध्ये तर सगळ्या शेंगावर्गीय कुळाचीच नवी मांडणी झाली, तीन उपकुळं होती त्याची सहा केली. चिंच आणि सीताअशोक एकीकडे, आपटा-कांचन वेगळे, बाभूळ-लाजाळूचं वेगळं उपकुळ गेलं आणि ती बहावा-गुलमोहराच्या उपकुळात आली.

हा नुसता नावाचा घोळ नाही हो. आमच्याकडे 'अकेशिया काढा' म्हटल्यावर बांधावरच्या दोन जुन्या बाभळी पण तोडल्या, सुगरणीच्या घरट्यांसकट. कुळवाच्या दिंडाला लाकूड बाभळीचं, शेळ्यांना शेंगा तिच्या. म्हणून विनंती, बातमीत नुसतं 'अकेशिया' न छापता 'ऑस्ट्रेलियन अकेशिया' छापा. आणि बागवाल्यांनी बाभूळ, कन्नडमधलं जाली आणि नवीन शास्त्रीय नाव अशी तिन्ही नावं लिहावीत. रंग-ब्रश घेऊन आमची पोरं यायला तयार आहेत, फक्त परवानगी द्या.

एक विज्ञान शिक्षक,
ता. खानापूर, जि. बेळगाव